मराठवाड्यातल्या हायस्कूलमध्ये तात्पुरता समुपदेशक म्हणून काम करताना: रुजू होण्यापासून कार्यभार सोपवण्यापर्यंत

शाळेतल्या समुपदेशकाची जागा आपल्याकडे बहुतेक वेळा तात्पुरतीच असते. कुणी मानधनावर येतं, कुणी तासिका तत्त्वावर, कुणी एखाद्या संस्थेच्या प्रकल्पातून सहा महिन्यांसाठी. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असायला हवा. हे पाळायचं तर अनेक शाळांना माणसं लागणार, आणि पहिली नेमणूक बहुधा काही महिन्यांचीच असणार. मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. करून बाहेर पडलेल्या, बीड-जालना-परभणीकडच्या एखाद्या हायस्कूलचं पत्र हातात पडलेल्या नव्या लोकांसाठी हा लेख आहे.

आधीच एक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. तुम्ही जाणार आहात. वर्गशिक्षक, शिपाई, अंगणवाडीच्या ताई, गावातल्या आशाताई, मुलाची आजी ही माणसं राहणार आहेत. त्यामुळे लेकराचा सगळा भार स्वतःवर घ्यायचा नाही, तर त्याला या राहणाऱ्या माणसांशी जोडून द्यायचं. सहा महिन्यांत जे पुरं होणार नाही ते सुरूच करू नका. आणि जे सुरू कराल ते पुढे कोण सांभाळणार, हे त्याच आठवड्यात ठरवा.

रुजू होण्याआधी

नेमणुकीचं पत्र लेखी घ्या. त्यात पदनाम, कालावधी, आठवड्याचे दिवस, मानधन कोण देणार (संस्था, प्रकल्प की शासनाची योजना) आणि तुम्ही कुणाला जबाबदार आहात, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. शाळेने मागितली नाही तरी तुम्हीच प्रत नेऊन द्या. मुलांसोबत बंद खोलीत बसणाऱ्या माणसाची ही कागदपत्रं फाईलला असलीच पाहिजेत.

पदनामाबद्दल काटेकोर राहा. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी नसेल तर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावू नका आणि निदान लिहून देऊ नका. 'एडीएचडी आहे', 'डिप्रेशन आहे' असं तुमच्या अक्षरातलं एक वाक्य मुलाच्या नावापुढे वर्षानुवर्षं राहतं. त्यापेक्षा दिसतं ते लिहा: 'दोन महिन्यांपासून वर्गात बोलत नाही, डबा खात नाही, गणिताच्या तासाला रडतो.' डॉक्टरलाही याचाच जास्त उपयोग होतो.

मुख्याध्यापकांशी पहिल्याच भेटीत तीन गोष्टी बोलून घ्या. एक, बसायला जागा: आतलं बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये, पण आत कोण बसलंय ते बाहेरून दिसावं. वाचनालयाचा कोपरा चालतो, प्रयोगशाळेची मागची खोली चालते, मुख्याध्यापकांच्या केबिनमधली दुसरी खुर्ची चालत नाही. दोन, कुलूप लागणारं एक कपाट, ज्याची किल्ली तुमच्याकडे राहील. तीन, तुम्हाला शिस्तीचं काम नको. उशिरा आलेल्या पोरांना रांगेत उभं करण्याची जबाबदारी एकदा तुमच्याकडे आली की तुमच्या खोलीत कुणी मनातलं बोलणार नाही. गैरहजर शिक्षकांचे ऑफ तास मात्र अधूनमधून घ्या. त्यातून सगळ्या वर्गाची ओळख होते, आणि शिक्षकही तुम्हाला आपलं मानतात.

पहिले आठ-दहा दिवस: खुर्चीत बसू नका

फिरा. हजेरीपट मागून घ्या आणि मागच्या वर्षीच्या दिवाळीनंतर कोणाच्या नावापुढे ओळीने गैरहजेरी लागली आहे ते पाहा. क्रीडाशिक्षकांना विचारा, मैदानावर एकटं कोण असतं. शिपाई मामांना विचारा, सुट्टीत फाटकाजवळ कोण रेंगाळतं, कोणाला न्यायला कोण येतं. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना कोण उपाशी येतं ते नावानिशी माहीत असतं. कार्यालयातल्या क्लार्कशी नीट ओळख ठेवा. जनरल रजिस्टर, टी.सी., बोनाफाईड सगळं त्यांच्याच हातात असतं आणि तुम्हाला ते लागणार आहे.

एस.टी.चं वेळापत्रक खोलीच्या भिंतीवर लावा. शेजारच्या गावांतून येणाऱ्या मुली पासावर किंवा मानव विकास कार्यक्रमाच्या, मुलींसाठीच्या मोफत बसने येतात. ती बस चुकली तर त्या मुलीला घरी पोचायला रात्र होते, आणि दुसऱ्या दिवशी घरचे म्हणतात, 'आता बस झाली शाळा.' म्हणून मुलींच्या भेटी शाळा सुटल्यावर कधीही ठेवू नका. एका तासात, म्हणजे पस्तीस-चाळीस मिनिटांत, भेट संपवायची सवय लावा. भाषा, गणित, विज्ञानाचे तास मोडू नका. कार्यानुभव, चित्रकला चालतील. खेळाचा तासही घेऊ नका, उदास पोराला तोच एक तास आवडत असतो.

मुलांना काय सांगायचं

परिपाठाच्या वेळी पाच मिनिटं मागून घ्या. 'वेड्यांचे डॉक्टर आले' ही कुजबुज होणारच, त्यावर चिडू नका. मी साधारण हे बोलतो: मी अमुक महिन्यापर्यंत इथे आहे. अभ्यास होत नाही, झोप येत नाही, घरात भांडणं आहेत, कुणी त्रास देतंय, कुणाशी बोलावंसं वाटतंय, काहीही असेल तरी या. तुम्ही सांगितलेलं मी सरांना, बाईंना, घरी सांगत नाही. पण तीन गोष्टी मला पुढे सांगाव्याच लागतात: तुम्ही स्वतःच्या जिवाला काही करणार असाल, दुसरं कुणी तुम्हाला इजा करत असेल, किंवा तुमच्या हातून दुसऱ्याला इजा होणार असेल. तेव्हाही आधी तुम्हाला सांगेन, मगच पुढे जाईन.

हे तीन अपवाद आधी सांगितले नाहीत आणि नंतर वापरले, तर मुलाला तो दगा वाटतो, आणि त्या वर्गातलं दुसरं कुणी परत येत नाही. जाण्याची तारीखही पहिल्याच दिवशी सांगायची. आईबाप ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर राहतात अशा भागात न सांगता गायब होणारं आणखी एक मोठं माणूस लेकरांच्या वाट्याला येऊ नये.

मराठवाड्यातल्या वर्गात एकच बोली नसते. तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी बोलतात, संभाजीनगर-परभणी-नांदेडच्या मोहल्ल्यांतली मुलं दखनी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू कानावर पडते, उमरगा-निलंग्याकडे कानडी. मुलाला ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत बोलू द्या. तुम्हाला अर्धंच कळलं तरी चालेल, मागाहून विचारा. तुमचं आडनाव आणि गावही विचारलं जाणार, मुलांकडून नाही तर पालकांकडून. सरळ उत्तर द्या आणि लगेच मुलाच्या विषयावर या. कुठल्याही एका समाजाची मुलंच तुमच्याकडे येतायत असं दिसलं, तर ज्या वर्गातून कुणी येत नाही तिथे आपणहून जा.

नोंदी दोन ठेवा. शाळेच्या रजिस्टरमध्ये फक्त तारीख, वर्ग, भेटीची वेळ. स्वतःच्या वहीत नावाऐवजी सांकेतिक क्रमांक आणि मोजकं टिपण, ती वही कुलपात. व्हॉट्सॲपवर मुलांबद्दल काहीही लिहू नका, शिक्षकांच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. स्टाफरूममध्ये चहा घेताना कुणीतरी विचारणारच, 'ती नववीतली काय म्हणत होती हो?' त्यावर माझं उत्तर ठरलेलं असतं: 'तिला वर्गात पुढच्या बाकावर बसवलं तर बरं होईल, सर.' शिक्षकाला करण्यासारखं काही मिळतं आणि मुलीची गोष्ट तिच्यापाशीच राहते.

दसरा-दिवाळीनंतर: ऊसतोड आणि लग्न

या भागात काम करायचं तर साखर कारखान्यांचं वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाइतकंच पाठ हवं. दसऱ्यापासून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघायला लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत आईबाप पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर, म्हणजे तोडणीच्या उसात असतात. काही मुलं सोबत जाऊन कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत राहतात, काही आजीआजोबांपाशी, काही हंगामी वसतिगृहात. मागे राहिलेल्या आठवीतल्या पोरीवर धाकट्या भावंडांचा स्वयंपाक असतो. ती वर्गात झोपते, तेव्हा तिला 'लक्ष नाही' असा शेरा मिळतो.

उचल, म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम, जोडप्याला मिळते. नवरा-बायको मिळून तोडणीची एक जोडी, तिलाच एक कोयता म्हणतात. मुलगी एकटी मागे ठेवायची भीती, मुकादमाकडून घेतलेले पैसे आणि कोयता पुरा करण्याची निकड यांतून हंगामाच्या तोंडावर आणि पुन्हा उन्हाळ्याच्या लग्नसराईत पोरींची लग्नं लावली जातात. आईबापाला लेक जड झाली म्हणून नव्हे, तर दुसरी वाट दिसत नाही म्हणून. हे समजून घेतलं नाही तर तुमचं बोलणं त्यांना शहरातून आलेला उपदेश वाटतो.

म्हणून सप्टेंबरमध्येच यादी करा: कोणाच्या घरचे जाणार, लेकरू कुणापाशी राहणार, रात्री फोन कोण उचलणार. फडावरच्या पालकांना दिवसा फोन लागला तरी बोलता येत नाही, अंधार पडल्यावर लावा. हंगामी वसतिगृह, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, समाजकल्याणची वसतिगृहं, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना, यांपैकी आपल्या तालुक्यात काय चालू आहे आणि कुठे जागा आहे, ते टोळ्या निघण्याआधी प्रत्यक्ष जाऊन पाहा. आईबापासमोर कायद्याच्या आधी वसतिगृहाचा अर्ज ठेवा. बरीच लग्नं तिथेच थांबतात.

थांबली नाहीत तर कायदा आहे. बालविवाह प्रतिबंध अधिनियम 2006 नुसार मुलीचं वय 18 आणि मुलाचं 21 पूर्ण हवं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आताचे ग्रामपंचायत अधिकारी. चाइल्डलाइनच्या 1098 वर कुणीही कळवू शकतं, नाव गुप्त राहतं. वयाचा पुरावा म्हणून शाळेची नोंद आधी पाहिली जाते, म्हणून क्लार्ककडून उतारा लगेच काढून मुख्याध्यापकांच्या सहीने तयार ठेवा. मात्र तुम्ही एकट्याने मुलीच्या घरी जाऊन लग्न अडवायला उभे राहू नका. 10 मार्च 2022 च्या शासन निर्णयाने शाळांमध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असायची आहे. ती कागदावरच असेल तर मुख्याध्यापकांना सांगून तिची बैठक लावा. समितीने उचललेला विषय तुम्ही गेल्यावरही चालू राहतो. आणि लग्न मोडल्यावर ती मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली, तर तिला कौतुकाने स्टेजवर उभं करू नका. तिला पुन्हा त्याच घरात राहायचं आहे.

जिवावरचं काही ऐकलं तर

मुलं 'आत्महत्या' म्हणत नाहीत. 'औषध पिऊन घेतो', 'विहीर जवळ करते', 'मी नसले तर बरं होईल' असं म्हणतात, कधी वहीच्या मागच्या पानावर लिहितात. दहावीच्या निकालानंतर, नातं तुटल्यावर, वर्गात अपमान झाल्यावर, घरात कुणी आधी जीव दिलेला असेल तेव्हा जास्त जागं राहा. नापिकी आणि कर्जापायी बाप गमावलेली मुलं इथल्या अनेक शाळांत आहेत.

सरळ विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हटलं तर पुढचं विचारा: कसं, कधी, जवळ काय आहे. ठरलेला बेत असेल तर त्या मुलाला एक क्षणही एकटं सोडायचं नाही, वर्गातही परत पाठवायचं नाही. पालकाला शाळेत बोलवा आणि मूल त्यांच्याच हाती सोपवा. घरातलं फवारणीचं औषध, तणनाशक, उंदराचं औषध त्याच संध्याकाळी घराबाहेर, कुलपात किंवा शेजाऱ्याकडे हलवायला सांगा. मराठवाड्यात जीव वाचवणारी यापेक्षा मोठी गोष्ट मला माहीत नाही. रागाच्या भरातला तो एक तास हाताशी विष नसताना निघून गेला, तर बहुतेक पोरं वाचतात.

टेलिमानस या शासनाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो खोलीच्या दारावर लावा, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या आतही लावा. मानसोपचारतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात मिळतात. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड आणि लातूर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. बाह्यरुग्ण विभागाची वेळ आधी फोन करून विचारा. चाळीस-पन्नास किलोमीटरवरून मजुरी बुडवून आलेला बाप एकदा परत फिरला की पुन्हा येत नाही. शक्य झालं तर पहिल्या वेळी सोबत जा, किंवा आशाताईंना सोबत पाठवा.

विषारी औषध पिलंच असेल तर 108 वर रुग्णवाहिका बोलवा. उलट्या करवण्यात, मिठाचं पाणी पाजण्यात वेळ घालवू द्यायचा नाही. औषधाची बाटली सोबत न्यायला सांगा. केस होईल म्हणून घरचे लपवतात, तेव्हा त्यांना सांगा: मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 115 प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानलं जातं, तिला शिक्षा होत नाही.

लैंगिक त्रासाची गोष्ट समोर आली तर

इथे तुमच्या मर्जीचा प्रश्न नाही. पोक्सो कायदा 2012 च्या कलम 19 नुसार 18 वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा तशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 'आधी संस्थेत चौकशी करू', 'शाळेचं नाव जाईल', 'तुम्ही तर दोन महिन्यांत जाणार, कशाला पडता यात' असं कुणी म्हणालं तरी थांबू नका. मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या, आणि त्यांच्या उत्तराची वाट न पाहता पोलिसांना किंवा 1098 ला कळवा.

मुलीला पुन्हा पुन्हा सगळं सांगायला लावू नका. जेवढं तिने आपणहून सांगितलं तेवढंच, तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहा. उलटतपासणी करणं तुमचं काम नाही. तिला खरं सांगा: पुढे काय होईल, कोण येईल, तिच्यासोबत कोण बसेल. बालकल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे क्रमांक तुमच्या वहीत पहिल्या आठवड्यातच लिहिलेले हवेत.

झटके, अंगात येणं, भानामती

प्रार्थनेला एक मुलगी कोसळते, हातपाय आखडतात, मग दुसरी, मग तिसरी. गावात 'भानामती' हा शब्द फिरतो आणि देवऋषी बोलावला जातो. अशा वेळी आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा. मिरगी, रक्त कमी असणं, उपाशीपोटी येणं, उन्हाचा त्रास हे आधी तपासून घ्यायचं. ते नसेल, तर मुलींना वेगवेगळ्या खोल्यांत शांत बसवा, भोवतीची गर्दी हटवा, मोबाइलवर चित्रण बंद करा, आणि नंतर प्रत्येकीशी एकेकटीने बोला. 'नाटक करते' हे कुणालाही म्हणू देऊ नका. शरीर जे दाखवतं ते तिच्यासाठी खरं असतं, आणि तोंडाने बोलता न येणारं काहीतरी बहुतेक वेळा त्यामागे सापडतं. श्रद्धेवरून घरच्यांशी वाद घालू नका, पण कुणी मारहाण करत असेल, चटके देत असेल तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे, हे स्पष्ट सांगा.

अभ्यास, दहावी आणि 'लातूरला टाकायचं'

वाचायला न येणारं, पण तोंडी सगळं सांगणारं मूल प्रत्येक हायस्कूलमध्ये असतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये अध्ययन अक्षमता येते, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक, तासाला 20 मिनिटं जादा वेळ अशा सवलती मिळतात. प्रमाणपत्र शासकीय रुग्णालयाचंच लागतं, तुमच्या चाचणीचं चालत नाही. तुम्ही करायचं ते एवढं: तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना मूल दाखवा, कागद नववीतच सुरू करा. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून काही होत नाही. प्रस्ताव विभागीय मंडळाकडे जातो. लातूर, नांदेड, धाराशिव लातूर मंडळाखाली येतात, बाकीचे पाच जिल्हे छत्रपती संभाजीनगर मंडळाखाली.

दहावीच्या वर्गात दुसरा ताण असतो. 'पोराला लातूरला टाकायचं', 'नांदेडला नीटचा क्लास लावायचा' (नीट म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) हे घरी ठरलेलं असतं, त्यासाठी एखादा एकर विकायची तयारीही असते. पोराला विचारलेलं नसतं. बाप आणि मुलगा दोघांना एकत्र बसवा. आयटीआय, पॉलिटेक्निक, कृषी पदविका यांची माहिती आणि जवळच्या संस्थांची फी एका कागदावर लिहून द्या. निर्णय त्यांचाच, पण आकडे समोर असले की बोलणं वेगळं होतं.

ज्या घरात बाप गेला आहे तिथे बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून घ्या, महिन्याला 2250 रुपये मिळतात. दुःखावर बोलायला वेळ लागतो, अर्ज मात्र याच आठवड्यात जाऊ शकतो. आणि अर्जासाठी तीनदा घरी गेलेल्या माणसाशी त्या घरातली आई मनातलं बोलते.

जायच्या आधीचा महिना

नवीन मुलांच्या दीर्घ भेटी बंद करा. चालू असलेल्या प्रत्येक मुलाला उरलेल्या भेटी सांगा आणि त्यालाच विचारा, मी गेल्यावर तू शाळेत कुणाशी बोलशील? त्याने नाव घेतलेल्या शिक्षकाला, मुलाच्या संमतीने, तिघं एकत्र बसून भेटवा. ज्या चार-पाच मुलांबद्दल जिवाची काळजी आहे, त्यांची नावं मुख्याध्यापकांना आणि पालकांना लेखी द्या, सोबत दवाखान्याची पुढची तारीख. बाकीच्यांबद्दल वर्गशिक्षकाला एकेक ओळ पुरते: 'पुढच्या बाकावर', 'मोठ्याने वाचायला लावू नये', 'सोमवारी डबा आणतो का पाहावं'.

मुलं तुमचा फोन नंबर मागतील. खासगी नंबर देऊ नका. देताना वाटतं आपण आधार देतोय, पण रात्री दोनला आलेला फोन तुमच्याकडून उचलला जाईलच असं नाही, आणि त्या पोराने मात्र दुसऱ्या कुणाला फोन केलेला नसतो. 14416 आणि 1098 चिठ्ठीवर लिहून द्या, आणि तुमच्यासमोर एकदा लावून दाखवा.

टिपणांची वही शाळेत उघड्यावर ठेवू नका. पुढचा समुपदेशक आलेला असेल तर बंद लिफाफ्यात त्याच्या हाती, सहीने. नसेल तर लिफाफा मोहोरबंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात, वर 'फक्त समुपदेशकासाठी' असं लिहून. पोक्सोच्या प्रकरणात न्यायालय बोलावू शकतं, म्हणून त्या नोंदींची प्रत स्वतःकडे कुलपात ठेवा आणि तुमचा कायमचा पत्ता तपास अधिकाऱ्याला कळवा.

मानधनाची बाकी आणि अनुभव प्रमाणपत्र शेवटच्या दिवसावर ठेवू नका. प्रमाणपत्रावर पदनाम, कालावधी, कोणत्या इयत्तांसोबत काम केलं ते आणि जावक क्रमांक असू द्या. संस्थेच्या सचिवांची सही लागत असेल तर ते गावात कधी असतात, हे क्लार्कला आधीच विचारून ठेवा.